टायटन्स टॉवरला अनावृत पत्र

चि. रॉबिन, सायबॉर्ग व बीस्ट बॉय, तसंच कु. स्टारफायर व कु. रेव्हन यांस,
मु. पो. टायटन्स टॉवर, जंप सिटी

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुमच्यावर प्रेक्षकांची नाराजी आहे. ती कानावर आलीच नाही असं म्हणायची सोय तुम्ही स्वतःच ठेवलेली नाही, कारण त्या नाराजीवर तुम्ही आजवर बरेच भाग काढले आहेत. तरीही रीतसर कळवलेलं बरं.

तक्रारदार मंडळी आज तिशीत आहेत. हप्ते भरतात, पाठीला मलम चोळतात आणि वेळात वेळ काढून सांगतात की तुमची मालिका पोरकट आहे. 'टीन टायटन्स गो!' ही लहान मुलांची, अकरा-अकरा मिनिटांच्या भागांची कार्टून मालिका पोरकट निघावी, याचा धक्का त्यांना 23 एप्रिल 2013 रोजी बसला. तो अजून ओसरलेला नाही. दरम्यान तुमच्या भागांनी चारशेचा आकडा ओलांडला.

धक्क्याचं मूळ त्याच्या दहा वर्षं आधीचं आहे. 19 जुलै 2003 रोजी कार्टून नेटवर्कवर तुमचा पहिला अवतार झाला. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या 1980 च्या कॉमिक्समधली पात्रं ग्लेन मुराकामी यांच्या चमूने जपानी अॅनिमेच्या वळणावर नेली. त्यात टेरा नावाच्या मुलीने तुमच्यात राहून तुमचा विश्वासघात केला आणि शेवटी तुम्हालाच वाचवताना ती दगड झाली. रेव्हनचा बाप ट्रायगॉन जग गिळायला आला. खलनायक स्लेड तर रॉन पर्लमन यांच्या खर्जात नुसता बोलला तरी मुलं उशी कवटाळत. 16 जानेवारी 2006 च्या अखेरच्या भागात टेरासारखीच दिसणारी एक मुलगी बीस्ट बॉयला भेटते, तो तिला जुन्या सगळ्याची आठवण करून द्यायला बघतो, ती नको म्हणते, आणि मालिका तिथेच संपते. पाच पर्वं, 65 भाग. सहाव्या पर्वाची वाट पाहणाऱ्यांना सात वर्षांनी मिळाले ते मोठ्या डोक्यांचे पाच ठेंगू, ज्यांतले दोघे एका भागात 'वॉफल्स' हा एकच शब्द बोलत राहतात.

जिव्हारी लागली ती मात्र वेगळीच गोष्ट. तुम्ही आलात तेव्हा तुमचे आवाज तेच होते. स्कॉट मेनव्हिल, हिंडन वॉल्श, टारा स्ट्राँग, कॅरी पेटन आणि ग्रेग साइप्स, पाचही जण जुनेच. नवी नटमंडळी आणली असती तर तक्रारदारांनी तुम्हाला तोतये ठरवून विषय मिटवला असता. इथे ट्रायगॉनपुढे उभी राहिलेली रेव्हन, त्याच आवाजात, टीव्हीवरच्या गुलाबी पंखवाल्या घोड्यांसाठी जीव टाकते. राग का येतो, हे समजण्यासारखं आहे.

आता तक्रारदारांच्या स्मरणशक्तीविषयी थोडं, त्यांना न कळवता. ज्या गंभीर मालिकेची ते आठवण काढतात, तिच्यात बीस्ट बॉय स्कूटरच्या हव्यासापायी मांसाहारी बर्गरच्या दुकानात नोकरी धरतो आणि गाई पळवणाऱ्या, टोफूच्या बनलेल्या परग्रहवासीयाशी लढतो. लॅरी नावाचा बुटका, बोबडा, रॉबिनभक्त रॉबिन दुसऱ्या मितीतून येऊन वास्तवाचीच मोडतोड करतो. पफी आमियुमी या जपानी जोडगोळीने गायलेलं शीर्षकगीत कधी इंग्रजीत लागे, कधी जपानीत. जपानीत लागलं की आजचा भाग चक्रम, हे मुलांना पाठ झालं होतं. पात्रांच्या कपाळावरचे ते भलेमोठे घामाचे थेंब पाहून त्या काळच्या जाणत्या कॉमिक्सप्रेमींनीही नाकं मुरडली होतीच. त्यांच्या मते खरे टायटन्स 1980 चे. आणि 1964 साली पहिल्यांदा एकत्र आलेले रॉबिन, किड फ्लॅश आणि अॅक्वालॅड ज्यांनी वाचले होते, त्यांचं काय मत पडलं असेल ते विचारायलाच नको.

तरी तक्रारदारांच्या वहीत एक नोंद अगदी रास्त आहे, आणि तिच्यात तुमचा दोष फारसा नाही. 2010 च्या नोव्हेंबरात 'यंग जस्टिस' सुरू झाली होती. ग्रेग वाईझमन आणि ब्रँडन व्हिएट्टी यांची ती मालिका, सुपरहिरोंच्या शागीर्दांची, पण कथानक असं गुंतलेलं की एक भाग चुकला तर पुढच्या दोन भागांत कोण कोणाचा हेर आहे ते कळू नये. समीक्षक खूश, मोठे प्रेक्षक खूश. 16 मार्च 2013 रोजी दुसऱ्या पर्वाबरोबर तिचा गाशा गुंडाळला आणि सव्वा महिन्याने तुम्ही आलात. साहजिकच खुनाचा आळ तुमच्यावर आला. वाईझमन यांनी नंतर जे सांगितलं ते फार रूक्ष होतं: मालिकेचा पैसा मॅटेलच्या खेळण्यांशी बांधलेला होता, खेळणी हवी तशी खपली नाहीत, पैसा आटला. म्हणजे मालिकेबद्दलची सर्वांत वजनदार मतं तिच्या चाहत्यांनी मांडलीच नव्हती. ती खेळण्यांच्या दुकानात, बाहुला हातात घेऊन परत फळीवर ठेवणाऱ्या मुलांनी मांडली.

याच मालिकेचं पुढे जे झालं ते तक्रारदारांनी नीट वाचावं. निषेधाने ती परत आली नाही. ती नेटफ्लिक्सवर होती, चाहत्यांनी एकमेकांना सांगून-सवरून ती पुन्हापुन्हा लावली, पाहिल्याचे आकडे फुगवले, आणि 2019 मध्ये तिसरं पर्व आलं. 2021 मध्ये चौथं. मोजणी होते ती पाहण्याची. आता हाच हिशेब तुमच्याकडे लावला तर काय दिसतं? तुमचा कोणता भाग सर्वांत वाईट, यावर तावातावाने भांडणाऱ्यांना तो भाग कुठल्या मिनिटाला बिघडतो हेसुद्धा ठाऊक असतं. दात-ओठ खात पाहिलेला भागही पाहिलेलाच धरतात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. सहा वर्षांचा खरा प्रेक्षक मत वगैरे देत नाही. तो हसतो, तोच भाग चौथ्यांदा लावतो आणि जेवायला हाका मारल्या तरी उठत नाही.

बाकी उत्तर देण्यात तुम्ही वस्ताद. एका भागात 'यंग जस्टिस'चे सुपरबॉय, मिस मार्शियन आणि अॅक्वालॅड तुम्हाला गंभीर व्हायला सांगतात, आणि तुम्ही इतके गंभीर होता की पाहणाऱ्याला धाप लागावी. दुसऱ्यात खलनायक कंट्रोल फ्रीक तुम्हाला दाखवून देतो की तुम्ही एका जुन्या कार्टूनची नवी आवृत्ती आहात. एका भागात तर रॉबिनने घर विकत घेऊन भाड्याने देण्याचं अर्थशास्त्र शिकवलं. कार्टूनमधून मुलांनी काहीतरी बोध घ्यावा म्हणणाऱ्यांना यापेक्षा जबर चपराक बसली नसेल.

मात्र स्लेडच्या पुनरागमनाचा जो भाग तुम्ही गाजावाजा करून काढला, त्यात तुम्ही थोडी लबाडी केलीत. स्लेड दिसतच नाही, त्याच्याशी झालेली लढाई पडद्याआड उरकते, आणि मेजवानीला बोलावलेला विदूषक आता लहानपणीसारखा हसवत नाही म्हणून सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय त्याला सुधारायला जातात. रोख कोणावर ते कळलं. पण विदूषक मुलांसाठीच असतो, हे उत्तर अर्धंच आहे. 2003 ची मालिकाही मुलांसाठीच होती आणि तिने मुलांना टेराच्या मरणासमोर बसवलं. मुलांना एवढंच झेपतं, ही तुमची समजूत तक्रारदारांच्या रडगाण्याइतकीच तपासून पाहण्यासारखी आहे.

2018 च्या तुमच्या चित्रपटाने मात्र भल्याभल्यांची बोलती बंद केली. आमचा कोणी सिनेमा काढत नाही, हे रॉबिनचं दुःख त्याचा विषय. नव्वदच्या दशकात ठरून बारगळलेल्या चित्रपटातले सुपरमॅन निकोलस केज यांना तुम्ही अखेर सुपरमॅनचा आवाज द्यायला लावलंत. वर प्रतिस्पर्धी मार्व्हलच्या स्टॅन लींनाच पाहुणे म्हणून आणलं. नामावळीच्या मध्येच जुने टायटन्स क्षणभर दिसले, तेवढ्यावर सहाव्या पर्वाच्या आशा पुन्हा पालवल्या. पुढच्या वर्षी आलं काय, तर नव्या आणि जुन्या टायटन्सची जुगलबंदी. दोन्ही बाजूंना तेच पाच आवाज. मानधन एकेकच मिळालं की दुप्पट, हे कळवल्यास उपकार होतील.

तेव्हा तक्रारदारांच्या वतीने मागण्या अशा. काही वर्षं वाहिनीवर सकाळी तुम्ही, दुपारी तुम्ही आणि रात्रीही तुम्हीच होतात. इतर कार्टूनांना अधूनमधून श्वास घेऊ द्यावा. ही तक्रार खरी आहे, तिच्यावर हसू नये. टेराची एकदा नीट विचारपूस करावी. सहावं पर्व काढावं. ते काढल्यास जुन्या पाच पर्वांची सर नाही हे सांगायला सर्वजण तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाराज प्रेक्षकवर्गाचा मुखत्यार

ता. क. या पत्राचं उत्तर म्हणून भाग काढू नये. काढलाच, तर किती वाजता लागणार तेवढं आधी कळवावं. बरेच जण पाहणार आहेत.