कंपनीच्या बिनपगारी वकिलास

महाशय,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आपण एकाच सोसायटीत राहतो, त्यामुळे पत्र कोणाला आहे हे चार ओळी वाचून तुम्हाला कळेल. तुमच्यासारखे नाशकात, कोल्हापुरात, पणजीत, सगळीकडे आहेत. त्यांनीही हे आपल्यालाच आलं आहे असं समजून वाचावं.

कोणी नवी गाडी घ्यायचा विषय काढला की तुम्ही त्याला बजेट विचारत नाही. घरात माणसं किती, गाडी गावात फिरणार की दर शनिवारी घाट चढणार, मागच्या सीटवर म्हातारी आई बसणार की तान्हं मूल, यातलं काहीही विचारत नाही. सरळ निकाल देता: "डोळे झाकून आमच्या कंपनीची घे." आठ-दहा लाखांची वस्तू, तीही पाच वर्षांच्या कर्जावर, माणसाने डोळे झाकून घ्यायची! भाजीवाल्याकडची मेथीची जुडी तुम्ही उलटीपालटी करून घेता, हे मी रोज संध्याकाळी गेटवर बघते.

तुम्ही स्वतः कोणती गाडी चालवावी हा तुमचा प्रश्न आहे. दसऱ्याला तिला हार घाला, बॉनेटवर स्वस्तिक काढा, चाकाखाली लिंबं ठेवा. त्याला माझी काही हरकत नाही. माझा आरोप वेगळा आहे. तुम्ही दुसऱ्यांची तोंडं बंद करता. तुमच्या गाडीच्या नाकावर ज्या कंपनीचा लोगो आहे, तिच्याविरुद्ध कोणी शब्द काढला की कोणी तुमच्या आईबद्दल बोलल्यासारखे तुम्ही उसळता. मग पार्किंगमध्ये जे सुरू होतं ते सगळ्यांना पाठ आहे. मारुतीवाला टाटावाल्याला म्हणतो, तुझी गाडी रस्त्यावर कमी आणि सर्व्हिस सेंटरला जास्त. टाटावाला म्हणतो, तुझा तर नुसता पत्र्याचा डबा. ह्युंदाईवाला सनरूफ उघडून दाखवतो, टोयोटावाला तीन लाख किलोमीटरचा आकडा फेकतो. या गोंधळात ज्या माणसाच्या गाडीत खरंच काहीतरी बिघडलेलं आहे, तो गप्प होतो आणि घरी जातो.

मी तशीच घरी गेले होते. नवी गाडी, पहिलाच पावसाळा, आणि घाटाच्या ऐन चढावर पिकअप गेला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. मागे ट्रक, डाव्या हाताला दरी, मागच्या सीटवर सासूबाई. पुन्हा एकदा तसंच झालं तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये तुम्हाला सांगितलं, कारण आपल्या दोघांची गाडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. तुमचा पहिला प्रश्न होता, "ताई, हाफ क्लचवर चालवता का?" दुसरा, "पेट्रोल कुठल्या पंपावर भरता?" आणि शेवटी जाहीर केलंत की या गाडीत असा प्रॉब्लेम येऊच शकत नाही. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने निदान माझी तक्रार जॉब कार्डवर लिहून घेतली. त्याला त्यासाठी पगार मिळतो. तुम्हाला कंपनी एक रुपया देत नाही, तरी तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त जोरात कंपनीची बाजू लढलात.

या लढाईने नेमकं काय बिघडतं, ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. २०१२ पासून कित्येक वर्षं आपल्याकडे सदोष गाड्या परत बोलावण्याची संहिता ऐच्छिक होती. कंपन्यांच्याच संघटनेने केलेली, कंपनीला वाटलं तर पाळायची. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे नियम लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली असेल आणि सुरक्षिततेला धोका होईल असा दोष असेल, तर मालकाला सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एका मॉडेलच्या तक्रारींनी ठरलेली मर्यादा ओलांडली की तपास होऊ शकतो, सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं, आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे गाडी कधी परत बोलावली जाणार हे तक्रारी किती येतात यावर अवलंबून आहे. पार्किंगमध्ये तुम्ही ज्याला "तुलाच गाडी चालवता येत नाही" म्हणून परत पाठवता, त्याची तक्रार मोजली जात नाही. त्याच मॉडेलची दुसरी गाडी पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या तरी घाटात अशीच थांबते, आणि ती चालवणारीला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आता ज्या कंपन्यांसाठी तुम्ही शेजाऱ्यांशी वाकडं घेता, त्या तुमच्याशी कशा वागतात ते पाहा. मी एकाच कंपनीचं नाव घेतलं असतं तर तुम्ही मला विरोधी गटातली ठरवून मोकळे झाला असता. म्हणून आधी हे घ्या. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. आरोप एकच होता: मूळ सुटे भाग आणि गाडीतला दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजला मिळू द्यायची नाहीत, म्हणजे मालकाला कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला यावं लागतं आणि तिथे लावलेला दर द्यावा लागतो. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा, फोर्ड, फोक्सवॅगन, स्कोडा, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, सगळ्या त्या एका आदेशात एका रांगेत उभ्या होत्या. कंपन्यांनी दंडाला आव्हान दिलं, प्रकरण वरच्या न्यायाधिकरणांत आणि न्यायालयांत गेलं. पण तुम्ही ज्यांना एकमेकींच्या हाडवैरी समजता, त्या तुमच्या खिशाच्या बाबतीत एकाच पद्धतीने वागत होत्या, एवढं त्या आदेशात वाचायला मिळतं.

आणि दुसरं प्रकरण तर आपल्याच दारातलं. आयोगाला एक निनावी ई-मेल आला, मारुतीच्या डीलरने पाठवल्यासारखा. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हा कंपनीच्या हिशेबातला एक विभाग. तिथल्या डीलरना कंपनीने ठरवलेल्या ऑफरपेक्षा ग्राहकाला जास्त सवलत द्यायची मुभा नाही, असं त्यात म्हटलं होतं. चौकशीत पुढे आलं की कंपनी डीलरकडे खोटे ग्राहक पाठवत होती. हे लोक शोरूममध्ये जाऊन घासाघीस करत, जास्त सवलत मिळते का ते बघत आणि त्याचा पुरावा कंपनीला देत. सापडलेल्या डीलरला दंड, सेल्स करणाऱ्या मुलालाही दंड. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड केला. कंपनी याही आदेशाविरुद्ध अपिलात गेली आहे, आणि शेवटचा निकाल लागेल तो लागेल. मात्र त्या काळात साताऱ्याच्या किंवा मडगावच्या शोरूममध्ये "साहेब, याच्या वर एक रुपया सुटत नाही" असं ऐकून तुम्ही सही केली असेल, तर ते वाक्य कुठून आलं असू शकेल याचा एकदा विचार करा. तुम्ही त्या कंपनीची तिसरी गाडी घेत होता. त्याचं तुम्हाला तिथे काय मिळालं? सीट कव्हर?

तुमच्या निष्ठेला मुळात कारण होतं, हे मला मान्य आहे. ज्या पिढीने फिएटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिला १९८३ साली आलेली छोटी, न रुसणारी मारुती म्हणजे उपकार वाटले असतील तर त्यात नवल नाही. तालुक्याच्या गावी सर्व्हिस मिळणं, पार्ट त्याच दिवशी मिळणं, गाडी विकताना पैसे परत येणं, या खऱ्या गोष्टी आहेत. इंडिका पिंपरीत तयार झाली म्हणून पिंपरी-चिंचवडच्या किती घरांत आजही टाटाशिवाय दुसरी गाडी येत नाही. त्या घरातल्या कोणी ना कोणी त्या असेंब्ली लाइनवर आयुष्य काढलेलं असतं. त्यांच्यापुढे मी वाद घालणार नाही. पण तुम्ही ना त्या रांगेत उभे होता, ना त्या लाइनवर.

शिवाय ज्याच्यावर तुमची निष्ठा आहे ते नेमकं काय आहे, हेही कधी बॉनेट उघडून बघा. स्विफ्ट डिझेल, इंडिका व्हिस्टा आणि फिएट पुंटो या तिन्ही गाड्यांचे मालक जेव्हा एकमेकांच्या इंजिनाला नावं ठेवत होते, तेव्हा तिन्ही गाड्यांत फिएटचंच १.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं. रांजणगावच्या कारखान्यातून ते बाहेर पडत होतं, मारुतीचा समूह ते परवान्यावर बनवत होता. आज बलेनो आणि ग्लान्झा यांच्यावरून वाद होतात, तर २०१९ पासून टोयोटाला ती गाडी मारुतीच बनवून देते. लोगो वेगळा, पुढची जाळी वेगळी, वॉरंटीचा कागद वेगळा. गाडी निवडताना वॉरंटीचा कागद बघायला हरकत नाही, बघावाच. पण जाळीसाठी शेजाऱ्याशी बोलणं टाकायचं?

आणि कंपनी निघून जाते तेव्हा काय? शेवरोलेचे निष्ठावंत आठवा. तळेगावला कारखाना आला म्हणून आपल्या भागात अनेकांनी अभिमानाने ती गाडी घेतली. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद केलं, २०२० अखेर तळेगावचं उत्पादनही थांबलं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथे गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील असं दोघांनी सांगितलं खरं, पण गाडीची रिसेल किंमत पडली ती मालकाच्याच खिशातून.

पण पैसा हा यातला लहान भाग आहे. मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांच्या सुरक्षिततेची चाचणी करणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. मारुती, टाटा, ह्युंदाई, फोर्ड, फोक्सवॅगन: एकाही गटाला मिरवायला जागा नव्हती. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "आपल्या रस्त्यावर ६४ चा स्पीड मिळतो कुठे?" एक्सप्रेसवेवरून दर महिन्याला मुंबईला जाणारे तुम्ही हे म्हणालात. तुमच्यासारखे लाखो लोक तेव्हा हेच म्हणत होते. कंपन्यांना तेवढंच हवं होतं.

बदल झाला तो या लोकांमुळे झाला नाही. चाचणी करणाऱ्यांनी शून्य छापलं, वर्तमानपत्रांनी ते लावून धरलं, काही ग्राहकांनी शोरूममध्ये उभं राहून एअरबॅग कुठे आहे असं विचारलं. फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो विकणं बंद केलं. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून कायद्याने सक्तीची झाली. डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच. मग तारे हा विक्रीचा मुद्दा झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरलाही पाच तारे मिळाले. त्या दिवशी तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं टाकलीत. त्या पाच ताऱ्यांत तुमचा वाटा काय होता? दहा वर्षं तुम्ही तारे हे थोतांड आहे असं सांगत होता, आणि तुमचं ऐकून तुमच्या भाच्याने एअरबॅग नसलेलं मॉडेल घेतलं. पन्नास हजार वाचतात म्हणून. त्या गाडीत आज त्याची दोन मुलं मागे बसतात. नवी गाडी येईपर्यंत त्यातच बसणार.

यापुढे तुम्ही कोणाला कोणती गाडी सुचवावी, हे मी सांगणार नाही. मात्र एक गोष्ट तुमच्याकडे मागायची आहे, आणि ती मागताना मला संकोच वाटत नाही. मागच्या संकष्टीला वहिनी वर आल्या होत्या. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की तुमच्या गाडीचा फ्युएल पंप वॉरंटीत दोनदा बदलून झाला आहे. चढावर पिकअप जायचा म्हणून. एकदा तुम्ही सगळे कोकणातून येताना गाडी टो करून आणावी लागली. हे माझ्याशी हाफ क्लचबद्दल बोलण्याच्या आधीचं आहे. तुम्हाला माहीत होतं. तुमच्या तोंडून एक शब्द आला असता तर मी त्या आठवड्यात फ्युएल पंप तपासून घेतला असता, आणि सासूबाईंना घेऊन पुन्हा त्या घाटात गेले नसते.

पोर्टलवर तक्रार करायला फार वेळ लागत नाही. गाडीचा नंबर लागतो, चॅसी नंबर लागतो, तो आरसीवर आहे. जॉब कार्डची प्रत नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरवर दोन्ही वेळची नोंद असणार, मागून घ्या. माझी तक्रार मी नोंदवली आहे, ए विंगमधल्या त्याच गाडीच्या मालकांनीही परवा नोंदवली. तुमची अजून यायची आहे.

आपली,
बी विंगमधली शेजारीण