नाव सोनुबाई, पायी फुटबॉल

फुटबॉलच्या संघाला दोन नावं असतात. एक पोरं स्वतः ठेवतात, ते फ्लेक्सवर राहतं. दुसरं समोरचे ठेवतात, ते जन्माला पुरतं. परळीत राहून मला हे कळायचं काही कारण नव्हतं. आमच्या गावात वैजनाथ, थर्मल आणि राजकारण या तीन विषयांवर माणसाचं आयुष्य आरामात निघतं. चौथा विषय काढणाऱ्याला तब्येत विचारतात. चेंडू म्हटलं की टेनिसचा, आणि तो मारायचा तो बॅटनं. पण बँकेनं माझी बदली कोल्हापूरला केली.

खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी भाड्याच्या आधी विचारलं, "पावणं, तालीम कुठली तुमची?"

माझी एकंदर शरीरयष्टी पाहता हा प्रश्न मला विचारावा असा नव्हता. मी म्हणालो, "व्यायाम असा काही करत नाही."

"व्यायाम कोण इचारतंय? मॅचला कुणाकडनं बसणार?"

तेव्हा उलगडा झाला. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी. शाहू महाराजांनी कुस्तीला असं काही डोक्यावर घेतलं की खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि गल्लीगल्लीत हौदे खणले गेले. पुढं याच तालमींत फुटबॉल शिरला. पोरं लाल मातीतून उठून शाहू स्टेडियमवर गेली, पण जाताना नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही. म्हणून तिथल्या फुटबॉल संघांची नावं अशी: खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ. पाटाकडील तालीम मंडळ हे तर नावच नव्हे, पोस्टमनला सांगितलेला पत्ता आहे. कुठली तालीम? ती, पाटाकडची. आता त्याचं 'पीटीएम' झालंय, आणि ही तीन अक्षरं छातीवर मिरवणाऱ्या पोराला 'पी म्हणजे पाट' हे आठवत असेलच असं नाही. एका संघाचं नाव प्रॅक्टिस क्लब. वर्षानुवर्षं भर मोसमात खरेखुरे सामने खेळतात, चषक उचलतात, तरी नावापुरती प्रॅक्टिसच चालू. एवढा विनय कोल्हापुरात दुसरीकडे कुठे मला आढळला नाही.

या नावांची खरी गंमत सकाळच्या पेपरात. 'बालगोपालचा पोलिसांवर विजय.' बाहेरगावच्या माणसाला वाटतं, गृहखात्याची ही दशा? पण कोल्हापूर पोलीस हाही एक संघच आहे. 'खंडोबाची दिलबहारशी बरोबरी', 'फुलेवाडीने संध्यामठाला रोखले', असले मथळे वाचत चहा पिण्याची मला इतकी सवय लागली की पहिल्या पानावरच्या बातम्या मागून वाचायचो. घरमालकांनी माझ्या वतीनं तालीमही ठरवून टाकली होती. खोली ज्या गल्लीत, तालीम त्या गल्लीची. भाडेकराराच्या कागदावर हे कलम नव्हतं एवढंच.

जगात बहुतेक ठिकाणी असंच झालंय. बसून, विचार करून नाव ठेवलंय असं कमीच. इंग्लंडमध्ये शेफील्ड वेन्सडे नावाचा जुना संघ आहे. वेन्सडे म्हणजे बुधवारच. तिथल्या कारागिरांना बुधवारी अर्धी सुट्टी मिळायची, त्या वेळात ते १८२० पासून क्रिकेट खेळत, आणि १८६७ साली त्या क्लबानं फुटबॉल सुरू केला. कोल्हापुरात जुना बुधवार पेठेच्या तालमीचा संघ आहे. या दोन बुधवारांचा सामना एकदा व्हायला पाहिजे, वाटल्यास रविवारी.

उरलेले पोटापाण्यावरून. लंडनचा आर्सेनल हा मुळात दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातल्या कामगारांचा, म्हणून त्यांना तोफवाले म्हणतात. वेस्ट हॅम जहाजाच्या कारखान्यातला, म्हणून हातोडेवाले. ल्यूटनला हॅट बनायच्या, तो संघ टोपीवाले. नॉर्दम्प्टनला जोडे शिवत, ते चांभार, आणि ते नाव तिथं चारचौघांत छाती काढून घेतात. आपल्याकडे असं नाव ठेवून बघा, पहिला सामना पोलीस ठाण्यात होईल. इटलीतल्या तुरीन शहरात १८९७ साली शाळकरी पोरांनी संघ काढला, त्याला लॅटिनमधलं भारदस्त नाव दिलं: युव्हेंटस. अर्थ काय, तर तारुण्य. थोडक्यात, तरुण मंडळ. सव्वाशे वर्षं उलटली तरी तरुणच. आपल्याकडच्या युवक आघाड्यांच्या अध्यक्षांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर एवढं ज्ञान घेऊन मी निवृत्त झालो आणि परळीला परतलो. पुतण्या आणि त्याच्या दोस्तांनी मोबाईलवर युरोपातले सामने रात्र रात्र बघून फुटबॉलचा संघ काढायचं ठरवलं होतं. चेंडू आला होता, गोलपोस्टच्या जागी दोन दगड आले होते, नाव तेवढं राहिलं होतं. "काका, तुम्ही कोल्हापूरला होते, नाव सांगा की," म्हणून माझ्या ओट्यावर बैठक बसली. ओट्यावर बैठक म्हणजे पोरं सात-आठ आणि त्यांच्यापेक्षा जास्त आम्ही म्हातारे.

पहिलं नाव आलं, रॉयल परळी एफसी. राजा कोण, यावरच ते पडलं. दुसरं आलं, परळी युनायटेड. हे ऐकून ओट्यावरचे सगळे जुने लोक एकदम हसले. 'परळी' आणि 'युनायटेड' हे शब्द त्यांनी एका ओळीत कधी ऐकले नव्हते. तिसरं, परळी ब्रदर्स. यावर मी गोव्यातल्या चर्चिल ब्रदर्सचा दाखला दिला: वार्का गावचे चर्चिल आलेमाव आणि त्यांचे भाऊ, १९८८ सालापासूनचा संघ, दोनदा आय-लीग जिंकलेला. "गोव्यात जमत असंल," शेजारचे अण्णा म्हणाले, "आपल्याकडं भाऊ-भाऊ एका बांधावर उभे राहत नाहीत, एका मैदानावर कसे राहतेल?" परळीतल्या भावाबहिणींच्या सामन्यांवर बोलायचं तर हा ओटा पुरला नसता, म्हणून तेही नाव मागे पडलं.

मग सगळ्यांना वैद्यनाथ आठवला. आठवणारच. आमच्याकडे कॉलेज वैद्यनाथ, बँक वैद्यनाथ, साखर कारखाना वैद्यनाथ. परळीत एखाद्या गोष्टीचं नाव वैद्यनाथ नसेल तर ती अजून रजिस्टर झालेली नाही असं समजावं. पण एका काकांनी शंका काढली, "उद्या पेपरात 'वैद्यनाथचा दारुण पराभव' असं छापून आलं म्हंजे?" सगळे गप्प. मी सांगितलं, कोल्हापुरात खंडोबावर गोल होतात आणि गोल खाल्लेला संघ संध्याकाळी त्याच खंडोबाच्या पाया पडतो. देवाची तक्रार नाही. शिवाय वैद्यनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. फुटबॉलमध्ये खेळाडू जेवढा वेळ उभा असतो तेवढाच पाय धरून लोळत असतो, तेव्हा असं आरोग्यदायी नाव दुसऱ्या कुठल्या संघाला मिळणार?

बेत जवळजवळ पक्का झाला होता. तेवढ्यात एका अभ्यासू पोरानं झारखंडचं देवघर काढलं. बारा ज्योतिर्लिंगांतला वैद्यनाथ आमचा, की आमचाच, हा त्यांच्या-आमच्यातला जुना वाद. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचं वैर कोळंबी आणि हिलसा या दोन माशांवर भागतं. इथं दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष महादेव. पंच कुठून आणायचा? देवाला यातून मोकळं ठेवावं असं ठरलं.

उरले रेल्वे आणि थर्मल. मँचेस्टर युनायटेड १८७८ साली निघाला तो न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचा संघ म्हणून. १९०२ साली नाव बदललं. परळीही जंक्शनच. पण 'परळी एक्स्प्रेस' म्हणताच अण्णांनी नगर-बीड-परळी मार्गाची आठवण करून दिली. १९९५च्या सुमाराला मंजुरी, आणि बीडला गाडी पोचायला २०२५ उजाडलं. असं नाव घेतलेला संघ पहिला गोल करीपर्यंत पोरांची पोरं खेळायला येतील. थर्मलचं म्हणाल तर पहिला संच १९७१ सालचा. दारूगोळ्यावरून तोफवाले होतात, तर विजेवरून आम्ही 'शॉकवाले' का नाही? पण थर्मल गावात असूनही भारनियमनाच्या दिवसांत आम्ही कंदिलाची काच पुसलेली आहे. विजेचं नाव घेऊन उत्तरार्धात संघ बंद पडला तर हसतील.

बैठक मोडली. पोरांनी कंटाळून शर्टावर नुसतं 'परळी एफसी' छापून घेतलं. माझ्या मते हे ठीकच झालं, कारण खरं नाव ओट्यावर सापडत नाही, ते मैदानाच्या पलीकडच्या बाजूनं येतं, आणि बहुधा शिवी म्हणून येतं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. नेपोलियनच्या युद्धात तिथं एक फ्रेंच जहाज फुटलं आणि त्यातून एक माकड तेवढं जिवंत किनाऱ्याला लागलं. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस आयुष्यात पाहिलेला नव्हता. हा हेर असणार असं ठरवून त्यांनी माकडावर खटला चालवला आणि त्याला फासावर दिलं, अशी दंतकथा. शेजारची गावं त्यांना 'माकडाला फाशी देणारे' म्हणून डिवचू लागली. हार्टलपूलच्या फुटबॉल संघानं काय करावं? माकडाचाच वेष घातलेला माणूस मैदानावर नाचवायला सुरुवात केली. २००२ साली त्या वेषातला माणूस महापौरपदाला उभा राहिला, शाळेतल्या पोरांना फुकट केळी देईन असं आश्वासन दिलं आणि निवडून आला. पुढं आणखी दोनदा आला. आमच्याकडच्या जाहीरनाम्यांत केळ्याइतकी ठोस वस्तू मी तरी वाचलेली नाही.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात त्याहून कडक. कुष्ठरोग्यांच्या मदतीसाठी दोन संघांत सामना ठरला, असं सांगतात. न्यूवेल्स ओल्ड बॉईज तयार झाले, रोसारिओ सेंट्रलनं नकार दिला. एकानं दुसऱ्याला 'हलकट' म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला 'महारोगी'. आज दोन्हीकडचे लोक आपापली शिवी स्वतःच गाण्यात गातात. मेस्सी लहानपणी याच महारोग्यांच्या पोरांत खेळायचा.

आमच्या पोरांचा पहिला सामना अंबाजोगाईला झाला. अंबाजोगाई सुसंस्कृत गाव. मुकुंदराजांची समाधी तिथं, योगेश्वरीचं देऊळ तिथं. त्यामुळं तिथले लोक परळीकडे नेहमी जरा वरून बघतात. भूगोलही त्यांच्या बाजूनं आहे, घाट चढूनच जावं लागतं. आमच्या पोरांच्या अंगावर, बुटांवर, पिशव्यांवर नेहमीची थर्मलची राख होतीच; ती धुऊन जात नाही, फक्त जागा बदलते. पोरं मैदानात उतरली आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं, "आले रे राखुंडे!"

सगळं मैदान हसलं. आमचा गोलकीपर एवढा चिडला की पहिले दोन गोल त्यानं मागे वळून भांडताना खाल्ले. पोरं हरून, तोंड पाडून परत आली. वहिनींनी मात्र ऐकताक्षणी निकाल दिला. "मग खोटं काय बोलले? तुमचे कपडे मी धुते. आता शर्ट तरी राखाडी रंगाचे शिवा, म्हंजे मला सुट्टी."

मी पोरांना माकडाची गोष्ट सांगितली. केळ्यांसकट.

पुढच्या सामन्याला पोरं राखाडी शर्ट घालून गेली, पाठीवर मोठ्या अक्षरात राखुंडे. मैदानात शिरताना त्यांनीच आरोळी ठोकली, "आले रे राखुंडे!" पलीकडं शांतता पसरली. शिवीच पळवली म्हटल्यावर ओरडायचं काय? सामना बरोबरीत सुटला, आणि अंबाजोगाईच्या पोरांनी तो अन्याय फार मनाला लावून घेतला. त्यांच्या शर्टावर 'चॅम्पियन्स' लिहिलेलं आहे. त्यांच्याच गल्लीत त्यांना कुणी त्या नावानं ओळखत नाही.

परवा त्यांचा कप्तान पुतण्याला भेटायला परळीला आला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग जरा चाचरत म्हणाला, "भाऊ, आम्हाला बी काहीतरी म्हणा की. जरा लागंल असं."

पुतण्यानं आठवडाभराची मुदत मागून घेतली आहे. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारतो, "काका, काही सुचलं का?" योगेश्वरी झाली, मुकुंदराज झाले, घाट झाला; शिवी देता येईल असं त्या गावात काही सापडेना. अण्णांचं मत, इतकं चांगलं गाव असलं की फुटबॉलला अडचणच.