वडिलांना घेऊन सिंहगड-राजगड-तोरणा: काही शास्त्रशुद्ध सूचना

ज्या मुलींना आपल्या वडिलांना घेऊन सिंहगड-राजगड-तोरणा दोन दिवसांत करायचा आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. तीन दिवस हाताशी असणाऱ्यांनी ती वाचू नये. तीन दिवसांत कुणीही करतं. एका दिवसात करणारेही आहेत. याच डोंगरांवर आता पळण्याची 'अल्ट्रा' शर्यत होते आणि पन्नास किलोमीटरच्या वरचं हे अंतर काही मंडळी उजेडी उरकून टाकतात. पण ती मंडळी वडिलांना बरोबर आणत नाहीत. मुलग्यांनाही या सूचनांचा उपयोग नाही. मुलगा बरोबर असला की वडील त्याच्याशी ईर्ष्येने चालतात आणि पुढचा भाग अस्थिरोगतज्ज्ञांच्या अखत्यारीत जातो.

आधी व्याख्या. वडील म्हणजे इथे पेठेत वाढलेले, पन्नाशी ओलांडलेले, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसणारे आणि "आमच्या वेळी हंटर शूजवर..." अशी वाक्यं सुरू करणारे गृहस्थ. वडिलांचे इतर प्रकारही असतात असं ऐकून आहे. यापुढे त्यांचा उल्लेख 'बाबा' असा येईल.

नियम पहिला: बाबाची सॅक शुक्रवारी रात्री, बाबा झोपल्यावर, पुन्हा भरावी.

भरण्यापेक्षा उपसावी म्हणणं जास्त बरोबर. मूळ सॅकमध्ये सापडणाऱ्या वस्तू अशा: नायलॉनची दोरी (कुणाला बांधायचं, हे विचारल्यास "असू दे"), तीन पुडांचा स्टीलचा डबा, जानेवारीत छत्री, गेल्या रविवारची पुरवणी, आणि गडकोटांवरचा एक ग्रंथ, ज्याचं नुसतं बाइंडिंग पाव किलो असावं. हे सगळं दिवाणाखाली ढकलावं. दोरी राहू द्यावी. ती नसल्याचं सकाळी जिन्यातच कळतं आणि मग सगळीच झडती होते.

आत काय हवं? पायमोज्यांचे दोन जोड, विजेरी, इलेक्ट्रालच्या पुड्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, व्हॅसलिन. व्हॅसलिन पहाटे बोटांच्या बेचक्यांत आणि टाचांना चोळायचं, फोड आल्यावर नाही. पायाची नखं दोन दिवस आधी कापावीत. तोरणा उतरताना बूट पुढे सरकतो आणि वाढलेलं नख सोमवारपर्यंत काळंनिळं होतं. बूट नवे नकोत. आई दशम्या देते, त्या मुकाट्याने घ्याव्यात. दुधात भिजवलेल्या कणकेच्या असल्याने दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. मी मोजूनमापून निवडलेल्या चॉकलेटी वड्यांबद्दल असं म्हणता येत नाही. त्या पहाटेच्या थंडीत दाताने तुटत नाहीत.

आफ्टरशेव्ह काढून घ्यावं. गडांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास त्यांना खपत नाही. बाबा मात्र म्हणतो की माणसाने नीटनेटकं जावं, आपण गडावर चाललोय.

नियम दुसरा: "दमलास का?" हे विचारू नये.

हा या मार्गदर्शिकेचा कणा आहे, म्हणून जरा विस्ताराने.

आतकरवाडीतून सिंहगडाची चढण सुरू झाल्यावर पहिल्या काही वळणांतच एक सिद्धान्त ध्यानात येतो: पन्नाशीनंतर माणूस दमत नाही, त्याला इतिहास आठवतो. चढ जितका खडा, तितका इतिहास खोल. पायथ्याशी बाबा मुकाट्याने चालतो. पहिल्या उभ्या टप्प्यावर तो थांबतो, काठी रोवतो, समोरच्या डोंगराकडे हात करतो आणि म्हणतो, "आता हे बघ." समोर खडकवासल्याचं पाणी असतं. ते आपण लहानपणापासून बघतो आहोत. तरी बघावं.

त्याच्या पुढच्या टप्प्यावर तानाजी येतात. तानाजी मालुसरे पडले ४ फेब्रुवारी १६७० रोजी, आणि त्यावरून गडाचं नाव सिंहगड पडलं, असं शाळेत शिकवलं जातं. बाबाला ते मान्य नाही, कारण महाराजांच्या १६६३ च्या पत्रात 'सिंहगड' आधीच आहे. या पत्राला साधारण दोन मिनिटं लागतात, पाणी पीत सांगितलं तर तीन. त्याहून वर, जिथे मलाही छातीत धडधड ऐकू येते, तिथे घोरपड निघते. सभासदाच्या बखरीत यशवंती घोरपड नाही, मावळे हातापायांनी कडा चढून गेले, घोरपड नंतरच्यांनी आणली. घोरपड पुरे पाच मिनिटांची आहे. एवढ्यात दर रविवारी गड चढणारे सत्तरीचे एक आजोबा कापडी बुटांत शेजारून वर जातात आणि "चला, चला" म्हणतात. बाबा त्यांच्याकडे, त्यांना सभासद ठाऊक नसावा, अशा नजरेने बघतो.

आता तंत्र. बाबाचा श्वास ऐकत राहावं. तो शिट्टीसारखा वाजू लागला की, बाबाने स्वतः थांबण्याआधी आपणच थांबून प्रश्न विचारावा. प्रश्न चढाच्या मापाचा असावा. छोट्या चढाला "हा बुरूज कुणी बांधला?" पुरतो. मध्यम चढाला "रायगडाआधी राजधानी राजगडच का?" हा उत्तम, कारण त्याला भूगोलही जोडता येतो. पानिपत कधीही विचारू नये. एकदा तिकडे गेलेल्या बाबाला त्या दिवसात परत आणता येत नाही.

माझ्या घड्याळात थांबलं की वेळ मोजणं आपोआप बंद करायची सोय आहे. ती चालू ठेवावी. सगळा मराठ्यांचा इतिहास हिशेबातून गळतो आणि सरासरी वेग सभ्य दिसतो.

नियम तिसरा: सिंहगडावर बसू नये.

भजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, सगळं पुढे येतं. उभ्याने दही खावं आणि कल्याण दरवाजा गाठावा. बसलेला बाबा टिळकांच्या बंगल्याकडे वळतो.

कल्याण दरवाजातून पुढे विंझरच्या दिशेने डोंगरधार लागते. इथे खरी वाट चुकते. हिवाळ्यात वाळलेल्या गवतात डझनभर वाटा दिसतात आणि त्यातल्या बहुतेक ढोरवाटा असतात. खूण अशी की धार सोडून आडवी, सपाट, फार प्रेमाने निघालेली वाट गुरांची. माणसांची वाट धारेला धरून राहते आणि वर-खाली छळते. शंका आली की मागे फिरून धारेवर यावं. उतरत जाऊन बघू, असं म्हणू नये. गुराखी भेटला तर "मामा, विंझर?" एवढंच विचारावं. बाबाला विचारू देऊ नये. बाबा विंझरपासून सुरुवात करून यंदाच्या भाताच्या उताऱ्यावर जातो, मामाही मोकळाच असतो.

विंझरपासून मार्गासनी आणि तिथून गुंजवण्यापर्यंत डांबरी रस्ता. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त सावधगिरीची सूचना. सपाटीवर बाबाला इतिहास आठवत नाही. तो काठी टेकत, टोपी मागे सारून, असा सुटतो की आपण शंभर पावलं मागे राहतो, आणि वळणावर उभा राहून विचारतो, "दमलीस का?" त्याला नियम दुसरा माहीत नाही.

नियम चौथा: गुंजवण्यात, आयोडेक्सचं नाव बाबाने आधी काढेपर्यंत, काढू नये.

मुक्काम गावातल्या घरी करावा. जेवण गरम मिळतं. बाबा ओसरीवर बसून वर राजगडाकडे बघतो आणि पद्मावतीच्या देवळात काढलेल्या रात्री सांगतो. तेव्हा थंडीत अंगावर सतरंजी होती, पोटात कच्ची खिचडी होती, आणि गो. नी. दांडेकरांचं पुस्तक पिशवीत होतं. प्रत्येक वर्षी थंडी थोडी वाढते. ऐकावं. ओसरीवर चढ नाही, पण दिवसभराचा साठला असतो.

नियम पाचवा बाबाने मसुदा वाचताना खोडला आहे. तो घोरण्याविषयी होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघावं. राजगड, मधली धार आणि तोरणा एकाच दिवसात घ्यायचे असल्याने पर्याय नाही. चोरदिंडीची वाट वर उभी होते, रेलिंग आहेत, धरून चढावं. इथे एक अनपेक्षित अडचण येते: अंधारात बोट दाखवायला काही नसतं. इतिहासाला जागा लागते. बाबा दोन वळणं तसाच रेटतो, श्वास कुत्र्याच्या धापेसारखा होतो, आणि मग त्याला आकाश सापडतं. जानेवारीच्या पहाटे सप्तर्षी चांगले वर असतात. त्यावरून ध्रुव काढायचा, मग ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, पुण्याला साडेअठरा. खगोलशास्त्राचा माझा सगळा अभ्यास चोरदिंडीच्या वाटेवर झाला आहे.

पद्मावती माचीवर उजाडतं. इथे दशमी खावी, माकडांपासून डबा सांभाळावा. आणि इथेच बाबाने एक हिशेब मांडला, तो त्याचा स्वतःचा आहे म्हणून देते. तानाजी पडल्यावर तीन आठवड्यांच्या आत, २४ फेब्रुवारी १६७० रोजी, राजाराम महाराज या राजगडावर जन्मले, आणि १७०० साली गेले ते सिंहगडावर. "म्हणजे त्यांचा हा प्रवास उलट्या दिशेने झाला," बाबा म्हणाला, "आणि मध्ये जिंजी होती. तू दोन दिवसांचं काय सांगतेस."

बालेकिल्ला गाळावा लागतो, वेळेत बसत नाही. हे बाबाला संजीवनी माचीवर पोहोचल्यावर सांगावं, आधी नाही. थोडा राग येतो, पण माची समोर असल्याने टिकत नाही.

संजीवनी माचीवर आमचा सिद्धान्त कोसळतो, हे शास्त्राशी प्रामाणिक राहून नमूद करते. माची लांबच लांब आहे, पण चढ नाही. श्वास शांत असतो. तरीही बाबा थांबतो. बाहेरचा तट, आतला तट, मधली माणूस जाईल एवढी गल्ली, चिलखती बुरुजात उतरणारा जिना. कुणी विचारलं नसताना तो आत उतरतो, दगड हाताने चाचपतो आणि वर येऊन काहीच सांगत नाही. मी पहिल्यांदा घड्याळ दाखवलं होतं. आता दाखवत नाही. ती गल्ली मीही उतरून पाहिली, आत गार असतं, आणि हे बांधणाऱ्याने वेढा घालणाऱ्याचा किती बारकाईने विचार केला होता, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. घड्याळाचा वेग मात्र त्या दिवशी गेला तो गेलाच. अल्ट्रावाल्यांनी इथे थांबू नये.

आळू दरवाजातून उतरताना घसारा आहे. आडवं पाऊल टाकावं, टाच रुतवावी, घसरलंच तर सरळ बसावं; कारवीला धरून तोल सावरू पाहणाऱ्याच्या हातात कारवी राहते. प्रत्येकाकडे किमान तीन लिटर पाणी हवं, पुढे धारेवर भरवशाचं पाणी नाही. धनगराच्या खोपटात ताक मिळालं तर ते देवाने दिलं समजून प्यावं आणि पैसे द्यावेत, बाबा नको नको ऐकून खिशात परत घालतो, ते आपण द्यावेत.

मग धार ओलांडणारा डांबरी रस्ता लागतो, वेल्ह्याच्या बाजूला जाणारा. इथे पाच मिनिटंही थांबू नये. एखादा टेम्पो येतोच. बाबा त्याच्याकडे बघत नाही, पण बघत नाही तेही फार जोर लावून. अशा वेळी बुधला माचीकडे बोट दाखवून विचारावं की औरंगजेबाने तोरणा कधी घेतला. "१७०४!" म्हणत बाबा चढायला लागतो. 'फुतूहुल्गैब' हे त्याने ठेवलेलं नाव माथ्यापर्यंत पुरवून पुरवून वापरतो. लोखंडी शिडीवर तो पुन्हा गप्प होतो, शिडीवर सगळेच गप्प असतात. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. मेंगाई देवीसमोर हे आकडे बाबा अशा सुरात सांगतो की उंची त्यानेच वाढवली असावी.

शेवटचा नियम: बिनी दरवाजातून वेल्ह्याकडे उतरताना बाबा गप्प झाला तर ते गुडघे.

उताराला दम लागत नाही, म्हणून इतिहासही नसतो. या शांततेला फसू नये. "तुझी सॅक दे" म्हटल्यास सॅक मिळत नाही. "माझ्या सॅकचा तोल एका बाजूला जातोय, तुझ्यातलं जड काहीतरी दे" म्हटल्यास दोरी मिळते, मग पाण्याची बाटली, मग जर्किन, आणि वेल्ह्याचे पत्रे दिसू लागेपर्यंत बाबाच्या पाठीवर नुसतं कापड उरतं. काठी मागू नये.

घरी पोचल्यावर शेजारच्या काकांना सांगितलं जातं की पोरगी अधूनमधून थांबायची, प्रश्न फार तिला, म्हणून वेळ लागला, नाहीतर दीड दिवसाचं काम. त्या वेळी चहा टाकायला आत जावं.

सोमवारी बाबा दुधाची पिशवी घेऊन येतो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मधल्या वळणावर तो कठड्याला धरून उभा राहतो, खिडकीतून बाहेर हात करतो आणि म्हणतो, "ही सदाशिव पेठ वसण्याआधी इथे नायगाव नावाचं गाव होतं."

"हो?" असं म्हणून दोन पायऱ्या खाली उतरावं आणि पिशवी घ्यावी. "मग पेठ कुणी वसवली?"