कोड चालून नाही राह्यला : नाकाडोंगरी परिसरातील पायथन-होतकरूंसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका तुमसर-कटंगी रस्त्यावरच्या नाकाडोंगरीत आणि आसपासच्या गावांत पायथन शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या व नुसतंच डाउनलोड करून ठेवणाऱ्या सर्वांना लागू आहे. यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीज खाणींत वडील कामाला असलेली बीसीएची पोरं आली, राइस मिलचा हिशोब संगणकावर आणायचं मनावर घेतलेले भाचे आले, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र भिंतीला लावून 'आता पुढं काय' म्हणणारे आले. शिवाय गावातून पुण्या-बंगळूरला गेलेलेही आले, ज्यांना रविवारी दुपारी हात धुवायच्या आत फोन येतो. शहरवासीयांनी वाचायला हरकत नाही. पण त्यांच्याकडे नेटवर्क असतं, त्यामुळे त्यांचा अभ्यास कच्चा राहणार.

प्रथम प्रश्न विचारण्याचा विधी. पहिल्या दिवशी फक्त 'भाऊ, एक काम होतं' एवढंच लिहून थांबावं. भाऊनं 'बोल' म्हटल्यावर लगेच बोलू नये. 'बिझी आहे का?' असं विचारावं. तो 'नाही' म्हणाला की त्याच्या आईची तब्येत, धानाची रोवणी आणि बावनथडी धरणातलं पाणी इथपर्यंत चौकशी करावी. मग, शक्यतो दुसऱ्या दिवशी रात्री, मूळ वाक्य पाठवावं : 'कोड चालून नाही राह्यला.' कुठला कोड, त्यानं करायचं काय होतं आणि तो करतोय काय, हे सांगणं म्हणजे समोरच्याच्या बुद्धीवर अविश्वास दाखवणं. एरिक रेमंड नावाच्या अमेरिकन गृहस्थानं २००१मध्ये प्रश्न कसे विचारावेत यावर लांबलचक निबंध लिहून ठेवला आहे, आणि त्यात थेट मुद्द्याला हात घालायला सांगितलं आहे. बिचाऱ्याला कधी कोणाकडं बैलजोडी मागायला जावं लागलं नसेल.

फोटोचं प्रकरण स्वतंत्रपणे शिकावं लागतं. स्क्रीनशॉट काढू नये. तो कोणालाही जमतो. मोबाइल किंचित तिरपा धरावा, पडद्यावर ट्यूबलाइटची रेघ यावी आणि कोपऱ्यात आपला अंगठा असावा. पायथन चूक दाखवताना वर फाइलींचे पत्ते आणि ओळींचे क्रमांक देतं आणि चुकीचं खरं नाव अगदी शेवटच्या ओळीत सांगतं. सगळ्यात अलीकडची घटना सगळ्यात खाली आहे, असं ते सुरुवातीलाच बजावतं. म्हणून फोटोत वरचा भाग स्पष्ट यावा आणि शेवटची ओळ कापली जावी. हे न पाळल्यानं किती तरी चांगल्या चर्चा जन्मण्याआधीच मेल्या. त्यातून हल्ली पायथन फार आगाऊ झालं आहे. ३.१० आवृत्तीपासून नाव चुकलं की 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असं विचारतं. ३.१३पासून तर तुमच्या फाइलचं नाव आणि मूळ लायब्ररीचं नाव एकच झालं असेल तर तेही तोंडावर सांगतं. पूर्वी पोरगं सीएसव्ही वाचायला शिकत असे, फाइलला 'सीएसव्ही' असंच नाव देत असे, पायथन लायब्ररीऐवजी त्याचीच फाइल उघडून बसत असे आणि तीन गावांतले जाणकार रात्र जागवत असत. शेवटची ओळ वाचण्याची सवय लागली तर ही परंपरा टिकणं कठीण आहे.

कोड पाठवायचाच असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर तसाच चिकटवावा. तारा आणि अंडरस्कोर या खुणा व्हॉट्सअ‍ॅप ठळक आणि तिरप्या अक्षरांसाठी वापरतं, त्यामुळे गुणाकार कधी कधी ठळक होऊन परततो. कोडाच्या मागे-पुढे तीन बॅकटिक (`) टाकले की तो जसाच्या तसा जातो, ही माहिती फक्त स्वतःपुरती ठेवावी. सोबत दोन वाक्यं अनिवार्य : 'काल चालत होता' आणि 'मी काहीच नाही केलं.'

आता प्रत्यक्ष विषय. या भागात पायथन शिकणारा प्रत्येक जण सहा महिन्यांच्या आत धानाचा हिशोब लिहायला घेतो. भंडारा जिल्ह्यात दुसरं काय लिहिणार? तेव्हा खालील प्रश्न तोंडपाठ हवेत.

पहिला : पोत्यात चाळीस किलो, पोती तीन, उत्तर चार लाख चार हजार चाळीस किलो. यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही कीबोर्डवरून घेतलेलं '४०' पायथनच्या लेखी आकडा नसून अक्षरं आहेत, आणि अक्षरांना तीननं गुणलं की ती तीनदा लिहिली जातात : ४०४०४०. त्याला 'इंट'मध्ये घातलं की एकशे वीस येतात. मजा अशी की 'इंट'ला देवनागरीतले ४० दिले तरी तो निमूट चाळीस समजतो. मात्र कोडात थेट देवनागरी आकडा लिहिला की अंगावर येतो. जाणकारानं यातलं काही सांगू नये. 'टाइप बघ' एवढंच म्हणून ऑफलाइन व्हावं. मुलगा दोन दिवस टायपिंगचा वेग वाढवत बसेल.

दुसरा जास्त गंभीर, कारण त्यात भांडण होऊ शकतं. पोत्यांची यादी ठेवणारं फंक्शन लिहिताना 'यादी दिली नाही तर रिकामी धर' असं म्हणून कंसात रिकामी यादी ठेवली जाते. ती रिकामी यादी पायथन दर वेळी नवी आणत नाही. फंक्शन लिहिलं तेव्हा एकदाच बनवतं आणि तीच पुढं वापरत राहतं. म्हणून पहिल्या शेतकऱ्याची पोती दुसऱ्याच्या नावावर जमा होतात आणि तिसरा आला की तो दोघांचा धनी. कागदावरच्या हिशोबात एवढी सोय कधीच नव्हती. 'नन' ठेवून आत नवी यादी बनवण्याचा उपाय सर्वज्ञात आहे. खरेदीचा हंगाम संपेपर्यंत तो सांगायची घाई करू नये.

तिसऱ्या प्रश्नात क्विंटलचे दशांश येतात. ०.१ आणि ०.२ मिळवा, पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवेल. संगणक दोनाच्या घातांत मोजतो आणि एक दशांश त्याला पुरता लिहिता येत नाही, एवढंच कारण. 'डेसिमल' नावाचं मॉड्यूल आहे, पैशाच्या हिशोबाला ते वापरावं, विषय संपला. पण जाणकार असा विषय संपवत नसतो. त्यानं १९८५च्या आयईईई ७५४ या मानकापासून सुरुवात करावी. श्रोता क्विंटलमागे ६७ किलो तांदळाची सरकारी भरडाई मोजत बसलेला असतो; त्याला मॅंटिसा म्हणजे काय हे कळायलाच हवं.

आता मार्गदर्शनाचा परमोच्च नमुना पाहू. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि पोती अशी यादी छापायची आहे. स्तंभ सरळ येत नाहीत. मुलगा हा त्रास सांगत नाही. त्यानं आधीच मनाशी निदान केलेलं असतं, म्हणून तो विचारतो, 'मराठी शब्दाची लांबी निम्मी कशी करायची?' कारण त्यानं पायथनला 'नाकाडोंगरी'ची लांबी विचारली, पायथन म्हणालं दहा. डोळ्यांना अक्षरं पाच दिसतात. पायथन काने, मात्रा, अनुस्वार, वेलांट्या सगळं सुटं मोजतं. दहाला दोननं भागलं, पाच आले, सूत्र सापडलं.

सूत्र स्वतःच्या गावावर तपासून घेतल्यानं आता ते जिल्हाभर लावायला हरकत नव्हती. 'गोबरवाही'ची लांबी आठ, निम्मी चार, अक्षरं पाच. 'तुमसर'ची लांबी पाच, निम्मी अडीच. अडीच अक्षरं छापायची कशी म्हणून त्याला 'राउंड' लावलं, तर दोन आले. शाळेत अर्धा वर ढकलतात. पायथनचं 'राउंड' अर्धा असला की जवळच्या सम संख्येकडं जातं, म्हणून अडीचचे दोन आणि साडेतीनचे चार. आता एकाच प्रश्नाचे तीन झाले आणि चर्चेला रंग चढला. पुण्याच्या भावानं मराठी अक्षरं नीट मोजणारी वेगळी लायब्ररी सुचवली. बंगळूरच्या भावानं 'राउंड'वर बोलणारा तासाभराचा व्हिडिओ पाठवला, जो नाकाडोंगरीत उघडला नाही. कॉलेजच्या सरांनी 'इंग्रजीत लिही' असा निकाल दिला. चॅटजीपीटीनं प्रत्येक वेळी 'तुमचं बरोबर आहे' म्हणत नवा कोड दिला. अक्षरं बरोबर मोजली गेली तरी स्तंभ वाकडेच, कारण 'र' जेवढी जागा घेतो तेवढ्यात 'ळ' मावत नाही.

शेवटी ज्याला पायथन येत नाही अशा एका काकांनी चहा पिता पिता विचारलं, 'पण तुले करायचं का आहे गा?' यादी छापायची आहे, हे कळल्यावर ते म्हणाले, 'मग एक्सेलात टाक ना बावा, तिथं डबे बनूनच येतेत.' असा प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला तांत्रिक चर्चेपासून दूर ठेवावं. सुदैवानं एक्सेलनं सीएसव्ही उघडताच सगळ्या मराठी नावांची विचित्र फ्रेंच अक्षरं करून टाकली आणि भावांना पुन्हा काम मिळालं. ('यूटीएफ-८-सिग' असं एन्कोडिंग देऊन फाइल लिहिली की नावं मराठीतच उघडतात. हा कंस वगळून वाचावा.)

साधनांबाबत थोडं. पायथनमध्ये 'इम्पोर्ट धिस' लिहिलं की टिम पीटर्स यांनी लिहिलेली भाषेची आचारसंहिता पडद्यावर येते. तिच्यात म्हटलं आहे की कुठलंही काम करायचा शक्यतो एकच उघड मार्ग असावा. त्याच भाषेत पॅकेजं बसवायला पिप, पिपएन्व्ह, पोएट्री, कोंडा आणि आता यूव्ही आहे. जाणकारानं यापैकी जे स्वतः मागच्या महिन्यात शिकलं तेच एकमेव खरं मानावं आणि बाकीचं काढून टाकायला लावावं. प्रत्येक जाणकारानं आळीपाळीनं हे केलं की एका संगणकावर चार पायथन नांदू लागतात, आणि पिपनं एकाच्या घरी टाकलेलं पॅकेज दुसरा शोधत बसतो. प्रत्येक कामाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवून हे टाळता येतं. पण मग चारही पायथनांची गाठभेट कशी होणार? आणि उपाय काहीही असो, शेवटी 'विंडोज काढ, लिनक्स टाक' हे म्हटल्याशिवाय फोन ठेवू नये. त्या विंडोजवर बहिणीची ऑनलाइन परीक्षा आहे, हे त्याचं त्यानं बघावं.

नेटवर्क नसणं हा मात्र थट्टेचा विषय नाही, त्यामुळे इथं मार्गदर्शिका काही काळ खरं बोलेल. 'पिप डाउनलोड' या आज्ञेनं पॅकेज आणि त्याला लागणारी सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये उतरवून घेता येतात. तुमसरला नेट असलेल्या दुकानात हे करावं, पेनड्राइव्हवर घ्यावं आणि घरी पिपला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' सांगून त्या फोल्डरमधूनच बसवायला लावावं. पायथनची पूर्ण माहितीपुस्तिकाही एकदा उतरवून ठेवता येते, आणि 'हेल्प' ही आज्ञा तर टॉवर बंद असतानाही चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले छोटे पाठ अशाच अडचणीच्या जागा डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत, मराठीतही आहेत, आणि उतरवून घेऊन कितीही वेळा बघता येतात. एवढं खरं पुरे.

कारण पेनड्राइव्हलाही शास्त्र आहे. दुकानातल्या संगणकावर नवं पायथन असतं. घरच्यावर विंडोज ७ आणि म्हणून पायथन ३.८, कारण विंडोज ७वर चालणारी ती शेवटची मालिका. दुकानातली पॅकेजं घरी आली की पिप 'जुळणारं पॅकेज सापडत नाही' म्हणतं. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या पायथनची आवृत्ती कागदावर लिहून नेऊ नये. तुमसरची एक चक्कर वाढते, बाजारही होतो, आणि दुकानदाराशी ओळख दाट होते.

प्रश्न सुटला तर काय करावं याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. नियम सोपा आहे. चार जण अजून उत्तर टाइप करत असताना फक्त 'झालं भाऊ' लिहावं. कसं झालं ते लिहू नये. पुढच्या हंगामात चिखल्याचा एखादा पोरगा त्याच चुकीत अडकून तुमचं ते जुनं 'झालं भाऊ' शोधून काढेल आणि विचारेल, 'दादा, कसं झालं होतं?' त्याला निळ्या टिका दाखवाव्यात. फारच मागे लागला तर, 'पीसी रिस्टार्ट केला होता.'

आणि ज्याचा कोड एकदा चालला तो त्या दिवसापासून जाणकार. त्यानं तातडीनं तीन गोष्टी कराव्यात : प्रोफाइलला 'पायथन डेव्हलपर' लावावं, लिनक्सबद्दल मत बनवावं, आणि रविवारी दुपारी फोन सायलेंटवर टाकावा. धानाचा हिशोब काकांच्या वहीत चालू आहे. तो पायथनमध्ये आणायची जबाबदारी आता पुढच्या बॅचवर.