सीझनवाले काका

परदेशी निघाल्याची बातमी साहेबांना सांगितली की ते विचारतात, "परत कधी येणार?" काकांना सांगितली की ते विचारतात, "जाणार कधी?" आपण महिना सांगायचा अवकाश, काकांचा चष्मा कपाळावर चढतो. "मे? मेमध्ये कोण जातं व्हेनिसला!"

असे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. कुणाचे काका लंडनचा पाऊस सांभाळतात, कुणाचे ट्यूलिपच्या फुलण्यावर लक्ष ठेवून असतात. आमच्या काकांकडे व्हेनिस आलं, कारण ते राहायला डोंबिवलीत असले तरी वाढले हर्णैच्या बंदरावर. समुद्र ज्या गावात शिरतो त्या गावावर बोलायचा अधिकार आपला, दादर-पुण्याच्या लोकांचा नाही, असं त्यांचं साधं म्हणणं.

त्या अधिकारात त्यांनी वर्ष झोडपून काढलेलं आहे. फेब्रुवारीत कार्निव्हल, म्हणजे त्यांचा शिमगा. मुखवट्यांच्या गर्दीत आपली बायकोसुद्धा ओळखू यायची नाही आणि हॉटेलवाले डबल भाडं लावणार. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, डास आणि कालव्यांचा वास. "एवढ्यासाठी विमान कशाला? कल्याणच्या खाडीवर उभे राहा." सप्टेंबरात नावांची शर्यत असते, सिनेमांचा महोत्सव असतो, पण तेव्हा आपले गणपती, त्यामुळे चर्चाच नाही. आणि एप्रिलपासून पुढे तिकीट. 2024 सालच्या 25 एप्रिलपासून व्हेनिसने ठरावीक दिवशी नुसतं दिवसभर फिरायला येणाऱ्यांकडून 5 युरो घ्यायला सुरुवात केली. मुक्काम करणाऱ्याला ते माफ आहेत, हे मी सांगून पाहिलं. काकांना पाच युरोंचं दुःख नव्हतंच. "शहरात शिरायला तिकीट? उद्या डोंबिवली स्टेशनबाहेर पडायलाही लावतील."

राहिला नोव्हेंबर. आणि इथे स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय खाली उतरतं.

या कालनिर्णयावर दुधाचे हिशेब आहेत, गॅस लावल्याच्या तारखा आहेत, फोडणीचे दोन डाग आहेत आणि लाल पेन्सिलीने केलेल्या व्हेनिसच्या खुणा आहेत. चंद्र काय, हर्णैला एक आणि इटलीला दुसरा असा नसतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे बेताची भरती. कोकणातला जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: पौर्णिमेची तिथी पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे अकराच्या सुमाराला भरती. 12 नोव्हेंबर 2019 रोजी व्हेनिसमध्ये पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं, सेंट मार्क चर्चमध्ये शिरलं, तो दिवस नेमका त्रिपुरी पौर्णिमेचा. वेळ रात्री अकराच्या आतबाहेर. त्या रात्रीपासून काकांना कुणी अडवू शकलेलं नाही.

मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "काका, याहून मोठा पूर 4 नोव्हेंबर 1966 चा, 194 सेंटिमीटरचा. तेव्हा अमावस्या आठ दिवस लांब होती. आड्रियाटिक समुद्रावरून आग्नेयेचा वारा सुटला की तो पाणी वर रेटत आणतो. मग तिथी कुठलीही असो."

काकांनी क्षणभर विचार केला. "1966 ना? तेव्हा कालनिर्णय निघालंच नव्हतं."

ते स्वतः व्हेनिसला गेले होते, हे सांगायला हवं. एकदाच. मे महिन्यात. टूरबरोबर, चार तास. मुलाने परस्पर पैसे भरले होते, म्हणून पिकायला घातलेले आंबे शेजाऱ्यांना देऊन जावं लागलं. काकू सांगतात, बाकीची मंडळी काचेच्या कारखान्यात फुंकून घोडा कसा करतात ते बघत होती, तेव्हा हे बाहेर धक्क्याच्या पायऱ्यांवर उकिडवे बसलेले. पायरीवर शेवाळाची हिरवी रेघ होती. तिच्यापासून पाण्यापर्यंत छत्रीने माप घेतलं, हात बुडवून बोट जिभेला लावलं आणि गाइडला मराठीत सांगितलं, "ओहोटी लागली." गाइडने मान डोलावली. त्या प्रवासातला तेवढा एकच क्षण काका खुलून सांगतात. बाकी चौक कसा होता विचारलं, तर "कोरडा" एवढंच.

तर मी गेलो तो काकांच्या आज्ञेने. नोव्हेंबर, मुक्कामाच्या मधोमध अष्टमी, भांग. तसा प्रवासाचा खरा सीझन रजा आणि व्हिसाची तारीख मिळून ठरवतात, पण काकांना तसं सांगायचं नसतं. तीन दिवस धुकं, गर्दी नाही, भाडं माफक. काकांचा शब्द खरा ठरतोय असं वाटायला लागलं आणि चौथ्या रात्री खिडकीच्या झडपा आपटायला लागल्या.

सकाळी सेंट मार्कच्या चौकात उभा होतो. पाणी समुद्राकडून लाटा घेऊन येईल अशी माझी कल्पना होती. ते आलं खालून. फरशीतल्या गटाराच्या भोकांतून, न्हाणीघराची मोरी तुंबावी तसं, बुडबुडे काढत, गुपचूप. कॉफीवाल्याने आपल्या खुर्च्या न बोलता उचलल्या. कुणी तरी लाकडी फळ्यांची बाकं ओळीने मांडली आणि लोक त्यावरून एकामागे एक चालायला लागले. व्हेनिसने समुद्राच्या तीन तोंडांशी लोखंडी दरवाजे बसवले आहेत, एकूण 78. ऑक्टोबर 2020 पासून मोठ्या भरतीला ते उभे करतात, पण साधारण 110 सेंटिमीटरचा अंदाज असेल तेव्हाच. आजचं पाणी त्याच्या आतलं, त्यामुळे दरवाजे समुद्राच्या तळाशी निवांत झोपलेले आणि माझे बूट भरलेले.

मी व्हिडिओ कॉल लावला. मनात, खरं सांगतो, थोडी आसुरी हौस होती.

"काका, अष्टमीला पाणी!"

"शक्य नाही."

मी फोन खाली करून पाय दाखवले. काका बराच वेळ नुसते बघत राहिले. मग विचारलं, "वारा कुठला?"

"आग्नेयेचा."

"जरा त्या भोकापाशी ने बरं फोन." मी नेला. बुडबुडे दाखवले. एक फळी तरंगत आली, तीही दाखवली. पलीकडे कालनिर्णय खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग काका फोन धरूनच स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "अगं, ऐकलंस का? याला चौकात घोटाभर पाणी मिळालं! आपणच चुकीच्या सीझनला गेलो."