नवशिक्यांसाठी: मजकूर भरा, मोजू नका

आधी एक डबा घ्या. सी भाषेत त्याला बफर म्हणतात. आकार मनाला येईल तो ठेवा. शंभर शुभ, आहेराची सवय असेल तर एकशे एक.

आता निरोप छापणारे फंक्शन लिहा आणि कंसात शेवटी तीन टिंबे द्या. म्हणजे ‘बाकीचे येतील तसे येतील’. किती पाहुणे आले, कोण आले, हे सी विचारत नाही; फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये टक्क्याची चिन्हे जितकी, तितकी पाने वाढली जातात. पाने तीन आणि पाहुणे दोन असतील, तर तिसऱ्या पानावर मेमरीत हाताला लागेल ते!

व्हीए-स्टार्टने यादी उघडा, व्हीएसप्रिंटएफच्या हाती द्या, व्हीए-एंडने मिटा. व्हीएसप्रिंटएफ डब्याचा आकार विचारत नाही, ओतत राहते. सांडलेले शेजारी जाते आणि शेजारी बरेचदा रिटर्न अ‍ॅड्रेस राहतो.

भित्री माणसे व्हीएसएनप्रिंटएफ वापरतात. १९९९च्या मानकात आलेले हे फंक्शन मावेल तेवढेच भरते, शेवटी शून्य ठेवते आणि वर सगळ्याला किती जागा लागली असती तेही सांगते. तो आकडा वाचू नका. वाचलाच, तर त्यात एक मिळवून मॅलॉक करा आणि तीच यादी दुसऱ्यांदा द्या. पहिल्या फेरीत ती वापरून झालेली असते, आधी व्हीए-कॉपी करायची असते. पण माझा असा प्रोग्राम ३२ बिटच्या यंत्रावर वर्षानुवर्षे सुखात चालला. ६४ बिटवर नेला त्या दिवशीच कोसळला. (दोष अर्थातच यंत्राचा.)

मराठी छापायची असेल तर मजा वेगळीच. ‘नमस्कार’ यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट घेतो, शेवटचे शून्य धरून २२. डबा २० चा ठेवा: ‘नमस्का’ नीट उमटेल आणि ‘र’चा एकच बाइट आत शिरून पडद्यावर चौकोनात अडकलेले प्रश्नचिन्ह होईल.

शेवटची पायरी: परक्याने टाइप केलेला मजकूरच फॉरमॅट म्हणून द्या. त्यात त्याने टक्का-एन घातला, तर छपाईऐवजी मेमरीतच लिखाण होते. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाइल सर्व्हरमध्ये याच जातीच्या चुकीतून बाहेरच्यांना थेट रूटचा ताबा मिळत होता. त्यासाठी फार कष्ट लागत नाहीत. मध्ये ‘टक्का-एस’ लिहायचा कंटाळा आला की झाले.