तहान लागल्यास काय करावे

तहान लागली की पाणी प्यावे, हा नियम गुरांना आणि शाळकरी मुलांना ठीक आहे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला चार तासांच्या आत यायचे ठरवलेल्या माणसाला असला उथळपणा शोभत नाही.

सुरुवात कमरेच्या पट्ट्यापासून करावी. त्यात चार छोट्या बाटल्या असाव्यात: एकीत पाणी, दुसरीत इलेक्ट्रोलाइट, तिसरीत बिटाचा रस. चौथी रिकामी ठेवावी आणि ती कशासाठी असे कुणी विचारले तर ‘अजून हाफच पळता वाटतं?’ एवढेच म्हणावे.

मीठ-साखरेचे पाणी मात्र चारचौघांत काढू नये. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ हे जुलाब झालेल्या पोराला द्यायचे प्रमाण आईला तोंडपाठ असते, त्यामुळे त्याला काडीची प्रतिष्ठा नाही. तेच मीठ फसफसणाऱ्या नारिंगी गोळीतून गेले की पेस सुधारतो. निदान ग्रुपवर फोटो तरी चांगला येतो.

रविवारच्या लाँग रननंतर पोह्यांच्या गाडीवर लघवीच्या रंगावर चर्चा करणे अनिवार्य आहे. रंग फिक्या लिंबू सरबतासारखा असावा, असे जाणकार सांगतात. हे ऐकल्यावर त्या दिवशी लिंबू सरबत कुणीच मागवत नाही, सगळे चहावर येतात.

थोडा इतिहासही पाठ असू द्या, पळताना बोलायला उपयोगी पडतो. 1904 साली सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये आयोजकांना पाण्यावाचून माणसाचे काय होते हे बघायचे होते, म्हणून धुळीच्या रस्त्यावर आणि रणरणत्या उन्हात पाण्याची सोय जवळजवळ केलीच नाही. 32 जण निघाले, 14 पोचले. विजेत्या थॉमस हिक्सला वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन पाजत आणले होते. स्ट्रिक्निन म्हणजे उंदीर मारायचे विष. कुणी एनर्जी जेलच्या चवीबद्दल कुरकुर केली की हे सांगावे. 1908 च्या लंडनमध्ये आघाडीवर असलेल्या चार्ल्स हेफेरॉनने शेवटच्या काही किलोमीटरमध्ये प्रेक्षकाने पुढे केलेली शँपेन घेतली, पोटात कळा आल्या आणि सुवर्ण गेले. फ्रँक शॉर्टरने 1972 मध्ये म्युनिकला गॅस काढलेला कोक पिऊन सुवर्ण आणले. यावरून काय शिकायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या ग्रुपने दोन्ही करून पाहिले आहे.

पुढे वारे उलटे फिरले आणि जमेल तेवढे प्या, असा मंत्र आला. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तर 13 टक्क्यांचे सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले. ज्यांचे वजन पळताना वाढले होते, त्यांना हा धोका सर्वांत जास्त. बेचाळीस किलोमीटर पळून वजन वाढवायचे, ही सिद्धी लग्नाच्या पंगतीतही सहजी साधत नाही. ही गंमत मात्र जिवावर बेतते, म्हणून पळण्याआधी आणि नंतर वजन करावे. किलोभर घटले तर साधारण लिटरभर घाम गेला. वाढले तर बाटल्या खाली ठेवाव्यात.

आता कागदी ग्लास. पळता पळता तो थेट तोंडाला लावला तर निम्मे पाणी नाकात जाते आणि पुढचा किलोमीटर शिंकण्यात. म्हणून वरची कड दोन बोटांनी चिमटावी, चोच करावी आणि कोपऱ्यातून घोट घ्यावा. पहिल्या टेबलाशी थांबू नये, तिथे लोकलसारखी गर्दी असते.

खरे अव्वल लोक ग्लासाला हातच लावत नाहीत. किपचोगेने 2018 मध्ये बर्लिनला 2:01:39 चा विक्रम केला, तेव्हा त्याच्या बाटल्या हातात देणारा स्वयंसेवक सायकलवरून पुढच्या टेबलाकडे धावत होता. आपल्याकडे या कामी मेहुणा नेमतात. त्याला पेडर रोडच्या चढावर, डाव्या बाजूला, कोकम सरबताची बाटली घेऊन उभे राहायला आठवडाभर आधीपासून बजावावे. तो उजव्या बाजूला उभा असतो. हाका मारून, दुभाजक ओलांडून, वीस सेकंद घालवून त्याच्यापर्यंत पोचावे, तर बाटलीत तळाशी दोन घोट उरलेले. दोन तास उन्हात उभा होतो भावजी, तहान लागली, प्यायलो.